आठ हेक्टर वस्तीचं पावसाचं पाणी कृत्रिम पाणथळीतून नाल्यात सोडायचं आहे, आराखडा तपासून द्या

गिरणाकाठ

राम राम मंडळी. गिरणा खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी नवीन वस्तीचं पावसाचं पाणी थेट नाल्यात न सोडता आधी पाणथळीतून, म्हणजे झाडं लावलेल्या उथळ कुंडातून, गाळून काढायचं ठरलं आहे. जागेची माहिती देतो.

पाणलोट ८ हेक्टर. त्यातलं ६० टक्के छत, रस्ते, फरशी. लेआउटमधली मोकळी जागा ३० बाय ११० मीटर, लांबी नाल्याच्या दिशेने. वस्तीची आरसीसी नाली जागेपाशी १.२ मीटर रुंद, ६० सेंमी खोल, उतार दोनशेला एक. नाल्याचा तळ जमिनीपासून अडीच मीटर खाली. माती वरची दीड मीटर काळी, खाली मुरूम. विहिरींचं पाणी दिवाळीतसुद्धा सात-आठ मीटर खाली.

हिशोब असा केला: पाऊस २५ मिमी, अपधाव गुणांक (पावसाचा वाहून येणारा वाटा) ०.०५ + ०.००९ × ६० = ०.५९, म्हणून घनफळ ०.०२५ × ०.५९ × ८०,००० = ११८० घनमीटर. पाणी ५० सेंमी चढणार आणि ४८ तासांत उतरणार. सरासरी हेड (भोकावरची पाण्याची उंची) २५ सेंमी, भोकाचा प्रवाह गुणांक ०.६ धरून निकासाचं भोक ८१ मिमी आलं.

आता शंका. ५० ऐवजी ८० सेंमी चढ दिला तर जागा वाचेल का? काळी माती आहे म्हणजे अस्तराचा खर्च वाचला असं समजू का? नालीला उन्हाळ्यातही घरांचं सांडपाणी असतं, दिवसाला साधारण २० घनमीटर, संडासाचं नाही; त्यावर झाडं उन्हाळाभर जगतील असा विचार आहे. आणि पाणकणीस जवळच्या पाटात फुकट मिळतं, तेच सगळीकडे लावू का?

पाणलोट_धुळे

दादा, आकडे दिलेत ते बरं केलं. नाहीतर इथे लोक फोटो टाकतात आणि "किती खोल खणू" विचारतात.

पातळ्यांपासून सुरू करा, बाकी सगळं त्यावर बसतं. पाणथळ भरल्यावर पाणी नालीत मागे चढता कामा नये. चढलं की गाळ नालीतच बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत वस्तीत पाणी शिरतं. म्हणून भरलेली पातळी नालीच्या तळाशी, म्हणजे जमिनीखाली ६० सेंमी. त्याखाली ५० सेंमी चढ-उतार. नेहमीची पातळी मग जमिनीखाली १.१ मीटर. सगळं खोदाईत बसतं, बांध घालावा लागत नाही, हे तुमचं नशीब.

काठ तीनास एक उताराचे ठेवा, त्यापेक्षा उभे नकोत; पोरं पाय घसरून पडली तर वर येता आलं पाहिजे. दोन्ही काठ मिळून ६.६ मीटर, एका बाजूला जेसीबीसाठी आणि दुसऱ्या बाजूला पायवाटेसाठी मिळून ३.४ मीटर. तीसपैकी वीस मीटर रुंदी पाण्याला उरली. लांबीत ११० चे १०० झाले. नेहमीच्या पातळीला २००० चौरस मीटर, भरल्यावर २३ × १०३, म्हणजे २३७० च्या आसपास. सरासरी २१८० गुणिले अर्धा मीटर, साठा १०९० घनमीटर. तुमच्या हिशोबाला ९० कमी पडले. म्हणजे २५ ऐवजी २३ मिमी पाऊस अडेल. अडू द्या.

८० सेंमी चढ देऊन ही तूट भरायला जाऊ नका. एकतर नेहमीची पातळी आणखी ३० सेंमी खाली जाते, काठ रुंद होतात, पाण्याची रुंदी २० ची १८ मीटर होते. वाटतो तेवढा साठा वाढतच नाही. दुसरं, ५० सेंमीच्या वर पाणी वारंवार दोन-दोन दिवस उभं राहिलं की उथळ भागातली झाडं गुदमरतात. मेलेल्या झाडांची पाणथळ म्हणजे नुसतं डबकं.

तो २५ मिमीचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. तुमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस किमान दहा वर्षांचा काढा, २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचे दिवस गाळा, उरलेले चढत्या क्रमाने लावा आणि ९० टक्के दिवस ज्याच्या खाली येतात तो आकडा धरा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे.

आता भोक. सरासरी हेड म्हणून निम्मं धरलंत, तिथे गडबड आहे. पाणी उतरत जातं तशी धार मंदावते. काठ साधारण उभे धरले तर पूर्ण उतरण्याच्या काळातला सरासरी प्रवाह निम्म्या नाही, चौथाई हेडला मिळतो, म्हणजे इथे १२.५ सेंमीला. १०९० घनमीटर ४८ तासांत म्हणजे सेकंदाला ६.३ लिटर, त्यावरून भोक ९२ मिमी येतं. ८१ मिमी ठेवलं असतं तर कुंड रिकामं व्हायला ६२-६३ तास लागले असते, आणि श्रावणात तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला की साठा पुरता रिकामा झालेला नसतो.

भोक पाईपला पाडू नका. ६ मिमी स्टीलच्या प्लेटला पाडा आणि ती प्लेट निकास चेंबरमध्ये बोल्टने बसवा, उद्या बदलता येते. भोकाचा मध्य नेहमीच्या पातळीवर. चेंबरकडे येणारा १६० मिमीचा पाईप उलट उताराचा: तोंड पाण्याखाली ३० सेंमी, तिथून चढत चेंबरला. तरंगणाऱ्या पिशव्या, थर्माकोल, पालापाचोळा वरच राहतो आणि भोक तुंबत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक बंद पडलेल्या निकासांत दोष एकच होता: भोक थेट पाण्याच्या पृष्ठभागावर, त्यावर गुटख्याच्या पुड्यांचा थर.

मोठा पाऊस आत घ्यायचाच नाही. नालीत ३० सेंमी उंचीचा उंबरा घाला, त्याच्या अलीकडून पाणी कुंडात वळवा. तीस सेंमी खोलीला ही नाली सेकंदाला सुमारे ०.५८ घनमीटर वाहते, तेवढं आत. तासाला १०० मिमीची सर धरली तर एकूण १.३३ घनमीटर येतं. उरलेलं पाऊण घनमीटर उंबऱ्यावरून थेट नाल्याकडे. पण १.२ मीटरचा सरळ उंबरा ३० सेंमी हेडला जेमतेम ०.३३ घनमीटर सोडतो. म्हणून तिथे नाली थोडी रुंद करून उंबरा तिरका घाला, ३ मीटर लांब, मग ०.८४ जातं. शिवाय कुंडाला स्वतःचा ५ मीटर लांबीचा सांडवा भरलेल्या पातळीवर, दगडी पिचिंगसह. तो पूर्ण १.३३ घनमीटर ३० सेंमी हेडने सोडतो. त्यावर ३० सेंमी मोकळा काठ उरतो. उंबऱ्यापाशी पाळणा, गादी, काहीही अडकू शकतं, म्हणून सांडवा पूर्ण क्षमतेचाच हवा.

हे झालं पावसाळ्याचं. खरा आराखडा ऑक्टोबर ते जूनचा असतो आणि तो तुमच्या पोस्टमध्ये नाही. उघड्या पाण्याचं बाष्पीभवन आपल्याकडे थंडीत दिवसाला ४-५ मिमी, एप्रिल-मेमध्ये १० मिमीच्या पुढे. नेहमीच्या पातळीखाली ३० सेंमी खोल असलेला उथळ भाग डिसेंबरात कोरडा. १.२ मीटरचा डोह, झिरप शून्य धरली तरी, एप्रिलअखेर तळाला. म्हणून तीन डोह करा: सुरुवातीला गाळकुंड, मध्ये एक, निकासापाशी एक. पहिला आणि शेवटचा १.२ मीटर, कारण त्यांचा तळ जमिनीखाली २.३ मीटर येतो आणि नाल्यात वाल्व्हने रिकामे होतात. मधला १.८ मीटर. तो नाल्याच्या तळापेक्षा खोल जातो, गाळ काढताना मोटर लावावी लागेल, पण जूनपर्यंत पाणी धरणारी जागा ती एकच. बाकी उथळ भाग उन्हाळ्यात वाळू द्या. वाळणार हे धरूनच झाडं निवडा.

मुरूम_माती

अस्तर वाचलं असं समजू नका भो, उलट इथेच पैसे जातील.

पातळ्या वरच्या उत्तरातल्या धरल्या तर उथळ भागाचा तळ जमिनीखाली १.४ मीटर. तुमची काळी दीड मीटर. म्हणजे उथळ भागाखाली फक्त १० सेंमी काळी शिल्लक, आणि डोह तर सरळ मुरमात. मुरूम पाणी पितो. पहिल्याच ऑक्टोबरात डोह कोरडे पडतील आणि लोक म्हणतील पाणथळ फसली.

करायचं असं. खोदाई करताना वरची २०-२५ सेंमी सेंद्रिय माती वेगळ्या ढिगात, झाडांसाठी. त्याखालची काळी दुसऱ्या ढिगात, अस्तरासाठी. उथळ भाग ४० सेंमी आणि डोह ६० सेंमी जास्त खणा. मग काळी माती परत भरा: दाबल्यावर १५ सेंमी होईल अशा थरांत, डोहात तीन, उथळ भागात दोन. ओल मोजायला प्रयोगशाळा नसली तर माती तळहातावर वळा. तीन मिमी जाडीची सुतळी वळते आणि मग तुटते, ती ओल हवी. त्याआधीच भुगा होत असेल तर पाणी मारा, चिकटून बसत असेल तर एक ऊन द्या. ढेकूळ मुठीपेक्षा मोठं नको. रोलर मेंढीपायाचाच, आठ फेऱ्या. जेसीबीच्या बकेटने थापणं म्हणजे दाबणं नव्हे, ठेकेदार कितीही सांगो.

काळीचा खरा दोष सुकल्यावर दिसतो. मार्चमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ खालच्या मुरमात उतरतं. भेगा फुगून बंद होईपर्यंत तुमचा सगळ्यात घाण पाऊस जमिनीत गेलेला असतो. म्हणून अस्तर उघडं ठेवायचं नाही. डोहात वर १५ सेंमी मुरमाचं पांघरूण, उथळ भागात १० सेंमी. उथळ भागात त्यावर बाजूला ठेवलेली वरची माती, कारण मुळांना तेवढी जागा लागतेच. तिच्यासाठी खोदाई आणखी १५-२० सेंमी वाढवा.

दुसरी तपासणी फुकटची आहे आणि कुणी करत नाही. वाटाण्याएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात सोडा, पावसाचं असेल तर उत्तम, बोअरचं नको. हलवू नका. दहा मिनिटांत ढेकळाभोवती दुधी ढग पसरला तर माती चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली आहे. तापीच्या पट्ट्यात अशी माती भेटते. ती दाबली तरी पाण्यात विरघळल्यासारखी वाहून जाते, काठांना बिळं पडतात, आणि पाणी वर्षभर गढूळ राहतं, कारण ते कण खाली बसतच नाहीत. पाणथळ गाळ अडवण्याऐवजी गाळ सोडायला लागते. तसं निघालं तर माती परीक्षणावरून जिप्समची मात्रा काढून ते थराथरांत मिसळा, किंवा अस्तराची माती दुसरीकडून आणा. ढेकूळ नुसतं फुगून ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं तर काम सुरू करा.

भरल्यावर झिरप मोजायची रीत: डोहात काठाला खुंटी रोवून पातळीची खूण करा. शेजारी पाण्यातच एक घमेलं विटांवर ठेवून त्यात बाहेरच्या पातळीएवढं पाणी भरा. आठ दिवस पाऊस नसताना दोन्ही उतार मोजा. घमेल्यात उतरलं ते ऊन, बाहेर जास्तीचं उतरलं ती झिरप. दिवसाला ५ मिमीच्या वर झिरप असेल तर एखादा थर नीट बसलेला नाही. बहुतेक वेळा दोष पाईप जिथे अस्तरातून जातो तिथे सापडतो. पाईपभोवती रोलर पोचत नाही, हाताच्या धुम्मसाने दहा-दहा सेंमीचे थर ठोकावे लागतात.

लव्हाळा

झाडांचं मी सांगते.

एकटं पाणकणीस लावू नका. फुकट मिळतं म्हणून लावतात आणि तीन वर्षांत तेच उरतं. १ मीटरपेक्षा खोल पाण्यात ते सहसा पसरत नाही, म्हणून डोह हीच त्याची वेस. उथळ भागात पट्टे प्रवाहाला आडवे पाडा, उभे नाही, म्हणजे पाणी प्रत्येक पट्ट्यातून गाळून जातं. पातळीखाली ३० सेंमीच्या पट्ट्यात पाणकणीस आणि नळ नावाचं उंच गवत. १५ सेंमीच्या पट्ट्यात लव्हाळ्याच्या जातीची उंच झाडं. जिथे पाणी फक्त पावसात चढतं त्या काठाच्या पायथ्याला वाळा, दर १५ सेंमीला एक फुटवा, सलग रांगेत. वाळा आपल्या उन्हाळ्याला पुरून उरतो. काठावर हरळी. कर्दळ दिसायला छान, पण तिला बारमाही ओल लागते. मधल्या डोहाच्या कडेलाच ठेवा.

चौरस मीटरला चार रोपं. डोह वजा जाता १२०० चौरस मीटर लागवड धरली तर ४८०० रोपं. पाटातून कंद आणताना माती धुऊन आणा. जलपर्णीचं एक रोप आलं तर पुढच्या दसऱ्यापर्यंत डोह झाकला जाईल.

लावायची वेळ जूनअखेर ते जुलै. पहिला पावसाळा उंबऱ्याचं कुंडाकडचं तोंड फळ्या टाकून निम्मं बंद ठेवा आणि निकासाची प्लेट काढून टाका. रोपांचे शेंडे कायम पाण्याबाहेर राहिले पाहिजेत. ५ ते १० सेंमी पाणी पुरे. दीड-दोन महिन्यांत पातळी हळूहळू चढवा. नव्या रोपांवर एकदम ५० सेंमी पाणी चढलं तर दोन दिवसांत लागवड तरंगायला लागते.

पाणकणीस फार पसरलं तर उपटत बसू नका. पाण्याखाली १५-२० सेंमीवर कापा, महिन्याने पुन्हा कापा. खोडातून कंदाला जाणारी हवा तुटते आणि कंद कुजतो. पाण्यावर कापलं तर दुप्पट जोमाने येतं.

सांडपाण्याबद्दल माझं मत वेगळं पडेल. दिवसाला २० घनमीटर हे पाणी वाया का घालवायचं? झाडं हिरवी राहिली तर जूनच्या पहिल्या पावसाला पाणथळ तयार असेल.

पाणलोट_धुळे

ताई, भाग करून बघा. २० घनमीटर २००० चौरस मीटरवर म्हणजे दिवसाला १० मिमी. एप्रिल-मेचं बाष्पीभवन तेवढंच. म्हणजे पाणी येतं आणि सगळं उडून जातं, निकासातून थेंब जात नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. लिटरला १ ग्रॅम क्षार धरले, बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत ते जास्त नाहीत, तर दिवसाला २० किलो, आठ महिन्यांत पावणेपाच टनांच्या वर. काळ्या मातीवर पांढरी खपली धरेल. वर साबणाचं, खरकट्याचं पाणी स्थिर उभं, म्हणजे क्युलेक्स डासांची पैदास.

नीट शुद्ध करायचं म्हटलं तर वेगळा खडीचा वाफा लागतो. बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला १५० मिग्रॅ धरला तर दिवसाला ३ किलो. चौरस मीटरला ८ ग्रॅमने पावणेचारशे चौरस मीटर जागा. एवढी जागा इथे नाही. पाणथळीतून काढली तर पावसाचा साठा पाचव्या हिश्श्याने घटतो.

मुरूम_माती

त्यापेक्षा घराघराला शोषखड्डे. काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. खड्डा दीड मीटर काळी ओलांडून मुरमात मीटरभर गेला की चालतो. विहिरींचं पाणी सात मीटर खाली आहे, मोरीच्या पाण्याला तेवढं अंतर पुरतं. आधी जाळीचं लहान चेंबर हवं, नाहीतर खरकट्याने वर्षात बुजतो.

लव्हाळा

क्षारांचा हिशोब पटला. मग शोषखड्ड्यांनंतर नालीत जे चार-पाच घनमीटर उरेल ते बारीक पाईपने फक्त मधल्या डोहात आणा. ४०० चौरस मीटरचा डोह मे महिन्यात तेवढंच पाणी उडवतो, खोली टिकते. क्षार तिथेही साचतील, पण ते पाण्यातच राहतील आणि पहिल्या मोठ्या पावसात विरळ होऊन निघून जातील.

त्या डोहाचा दुसरा उपयोग गप्पी मासे. उन्हाळाभर ते तिथे तगतात आणि पाणी चढलं की आपोआप उथळ भागात पसरतात. मात्र उथळ भागाचा तळ दोन्ही बाजूंच्या डोहांकडे अर्धा टक्का उतरता ठेवा. डिसेंबरात पाणी ओसरताना मध्ये डबकी राहिली तर मासे तिथे अडकून मरतात आणि डास उरतात.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. शोषखड्ड्यांचं घरमालकांशी बोलतो, ते सोपं नाही. एक राहिलं: गाळकुंड किती मोठं, आणि ते साफ कधी नि कसं करायचं? आणि लोक गणपती विसर्जनाला इथेच येतील ही भीती आहे.

पाणलोट_धुळे

गाळकुंड एकूण साठ्याच्या १० ते १५ टक्के. तुमच्याकडे १५० घनमीटर धरा, सरासरी १४ बाय ९ मीटर, खोली १.२. याचा तळ मात्र १५ सेंमी काँक्रीटचा. काँक्रीट असलं की जेसीबीवाल्याला कुठे थांबायचं ते कळतं, नाहीतर तो गाळाबरोबर तुमचं अस्तरही उचलून ट्रॉलीत भरतो. उतरायला दहास एक उताराचा रॅम्प, साडेतीन मीटर रुंद. मधोमध लोखंडी पट्टी रोवून निम्म्या खोलीला लाल खूण. गाळ खुणेला लागला की काढायचा. गाळकुंडातून पुढे जाणारं पाणी एका जागेवरून न जाता पूर्ण रुंदीवरून दगडी बांधावरून पसरून गेलं पाहिजे. एकाच खाचेतून गेलं तर पाणी पाणथळीत सरळ वाट पाडतं आणि निम्मी झाडं नुसती शोभेला राहतात.

नालीच्या तोंडाला १६ मिमी सळयांची जाळी, फटी ५० मिमी, ४५ अंशात कललेली. उभी जाळी कचऱ्याने लगेच झाकली जाते. कललेल्या जाळीवर कचरा वर सरकतो आणि दाताळ्याने ओढता येतो. वर उभं राहायला फरशी हवी.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात गाळकुंड कोरडं असतं, तेव्हाच साफ करा. आठ महिन्यांची रस्त्यांवरची धूळ, तेल, टायरचा भुगा, गुरांचं शेण हे सगळं मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींत येतं. त्या वेळी डोह बरेचसे रिकामे असल्यामुळे हे पाणी बाहेर न जाता आतच मावतं, हा कोरड्या पाणथळीचा फायदा. तोटा असा की वाळलेला गाळ पुन्हा भिजला की त्यातलं स्फुरद पाण्यात सुटतं. म्हणून गाळ जूनमध्ये आत ठेवायचा नाही. गाळ शेतात टाकण्याआधी जड धातूंची तपासणी करून घ्या, विशेषतः पाणलोटात गॅरेजं असतील तर.

लव्हाळा

वाळलेलं पाणकणीस फेब्रुवारीतच कापून बाहेर काढा. मार्चनंतर एका बिडीने सगळा पट्टा पेटतो आणि शेजारच्या घरांपर्यंत धग जाते. कापलेलं आत पडू दिलं तर त्यातलं नत्र आणि स्फुरद पावसात परत पाण्यात येतं, म्हणजे वर्षभराची मेहनत फुकट. जूनपर्यंत शेळ्या आत शिरू देऊ नका. कोवळे कोंब त्या मुळापासून ओढतात.

विसर्जनासाठी उंबऱ्याच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला वेगळा हौद द्या आणि तो पाणथळीला जोडू नका. नुसती पाटी लावून उपयोग होत नाही.

मुरूम_माती

माणूसही ठरवून ठेवा. पांझरा नदीवरच्या फड सिंचनात पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी असतो तसा एक माणूस नेमलेला हवा, मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी जाळी ओढणारा. त्याच्याकडे निकास चेंबरची किल्ली, वाल्व्हचा दांडा आणि प्लेटचे चार जास्तीचे बोल्ट द्या. प्लेट पितळेची किंवा स्टेनलेसची करा. साधी लोखंडी असेल तर गंजते आणि भोक ९२ चं शंभरच्या वर कधी गेलं ते कळतही नाही.